डॉक्टर रखमाबाई आणि आपल्या मुली



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाला दहावी-बारावी पास झालेल्या मुलींचा सत्कार करण्याची आपली रीत आहे. यंदा नारळ आणि पेन देऊन झाल्यावर प्रत्येक मुलीला पुढे काय शिकणार ते विचारण्यात आले. एक म्हणाली नर्सिंग, एक म्हणाली डॉक्टर, दोघींनी फार्मसी सांगितली, तर एकीने रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबचा कोर्स सांगितला. एक मुलगी मात्र काहीच बोलली नाही. तिने आईकडे पाहिले आणि आईने मान खाली घातली. तिच्यासाठी स्थळे पाहणे चालू आहे, हे आपल्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊक होते, म्हणून कोणी पुन्हा विचारले नाही.

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहावे, असे मला सांगण्यात आले होते. त्या दिवशी घरी परत येताना मी ठरविले की, डॉ. रखमाबाईंचे चरित्र लिहावयाचे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव घरोघरी माहीत आहे. रखमाबाईंचे नाव तितके घेतले जात नाही. परंतु डॉक्टरीण होऊन पुष्कळ वर्षे दवाखाना चालविणाऱ्या आपल्या देशातल्या पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते, आणि तिथवर पोहोचण्यासाठी त्यांना आधी कोर्टाची पायरी चढावी लागली होती.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईस झाला. वडिलांचे नाव जनार्दन पांडुरंग व आईचे जयंतीबाई. घराणे सुताराचे, पण खाऊनपिऊन सुखी. जयंतीबाईंचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी रखमाबाई झाल्या आणि सतराव्या वर्षी त्या विधवा झाल्या. आज ज्या वयात आपल्या मुली बारावीचे अर्ज भरतात, त्या वयात जयंतीबाईंचा एक संसार मांडून मोडलाही होता.

त्यांच्या जातीत पुनर्विवाहाला मनाई नव्हती. काही वर्षांनी जयंतीबाईंचे दुसरे लग्न डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झाले. हे मुंबईतले नामांकित डॉक्टर. वनस्पतिशास्त्रात त्यांची मोठी गती होती, आणि १८८३ साली मुंबईत निसर्गाच्या अभ्यासासाठी जी संस्था निघाली तिच्या संस्थापकांत जे थोडे हिंदी गृहस्थ होते, त्यांत ते एक होते. लग्नापूर्वी जयंतीबाईंनी पहिल्या नवऱ्याची मिळकत मुलीच्या नावे करून दिली. अशा रीतीने रखमाबाई डॉक्टरांच्या घरात वाढल्या. औषधाच्या बाटल्या, पुस्तके, येणारे-जाणारे रोगी हे सर्व त्यांनी लहानपणापासून पाहिले.

असे घर असूनही रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झालेच. सुधारक माणसांनाही रूढी मोडणे किती कठीण जाते, हे यावरून दिसते. नवरा दादाजी भिकाजी हा त्यांच्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठा. त्याने सासऱ्याच्या घरी राहून शिकावे आणि चांगला माणूस व्हावे असे ठरले होते. पण शिक्षणात त्याचे मन रमले नाही. तो आपल्या मामाकडे जाऊन राहिला. तब्येतही बिघडली. रखमाबाई वयात आल्या तरी डॉ. सखाराम अर्जुन यांनी त्यांना सासरी पाठविण्याची घाई केली नाही. ते स्वतः डॉक्टर होते. कोवळ्या वयातल्या बाळंतपणाने मुलीच्या शरीराचे काय होते, हे त्यांना सांगावे लागत नव्हते.

लग्न झाले तशी रखमाबाईंची शाळा सुटली. सुटलेली शाळा पुन्हा धरणे किती अवघड असते, ते आपल्यापैकी पुष्कळ जणींना माहीत आहे. घरात धाकटी भावंडे होती, कामे होती. कामातून वेळ काढून त्या घरीच वाचीत. एका मिशनच्या वाचनालयातून पुस्तके आणून त्यांनी इंग्रजी पक्के केले. आईबरोबर त्या प्रार्थना समाजात आणि आर्य महिला समाजाच्या बैठकींना जात असत. आर्य महिला समाज ही पंडिता रमाबाईंनी १८८२ साली काढलेली बायकांची संस्था. आपल्या मंडळासारख्या मंडळांची ती थोरली बहीणच म्हणावयाची. आठवड्यातून एकदा बायका जमत, वाचन होई, बोलणे होई. रखमाबाईंच्या मनात डॉक्टरीण व्हावे हा विचार घट्ट झाला तो याच वर्षांत.

१८८४ साली दादाजीने वकिलामार्फत कळविले की, माझी बायको माझ्या घरी पाठवून द्या. रखमाबाईंनी नकार दिला. तेव्हा त्याने मुंबईच्या हायकोर्टात फिर्याद केली. रखमाबाईंचे म्हणणे असे होते की, हे लग्न मला काही समजत नव्हते त्या वयात लावले गेले, मी त्या घरी कधी नांदले नाही, आणि आता माझ्या मनाविरुद्ध तिथे जाणार नाही. आज हे वाचताना आपल्याला फारसे विशेष वाटणार नाही. परंतु त्या काळी एखाद्या हिंदू स्त्रीने कोर्टात असे सांगणे म्हणजे आकाश कोसळल्यासारखे होते.

खटला चालू असतानाच एप्रिल १८८५ मध्ये डॉ. सखाराम अर्जुन वारले. पाठीशी उभा असलेला एवढा मोठा माणूस गेला. रखमाबाई तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया या इंग्रजी वर्तमानपत्रात एका हिंदू स्त्रीची म्हणून दोन पत्रे छापून आली. एक बालविवाहाबद्दल होते आणि दुसरे विधवांच्या स्थितीबद्दल. लिहिणाराचे नाव खाली नव्हते. ती पत्रे रखमाबाईंची होती, हे पुढे सर्वांना कळले. लहानपणी झालेल्या लग्नाने मुलीचे शिक्षण कसे तिथेच तुटते, मुलगा शिकत राहतो आणि मुलगी चुलीपाशी जाते, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवाने लिहिले होते.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अजाण वयात लावलेल्या लग्नासाठी मोठ्या झालेल्या स्त्रीला जबरीने नवऱ्याच्या घरी पाठविणे हे रानटीपणाचे होईल, असे त्यांचे मत पडले. या निकालाने मोठा गहजब झाला. धर्म बुडाला म्हणून सभा भरल्या. लोकमान्य टिळकांच्या पत्रांनीही रखमाबाईंच्या विरुद्ध लिहिले. टिळकांविषयी आपल्या मनात आदर आहे व तो राहील, परंतु या बाबतीत ते रखमाबाईंच्या बाजूला नव्हते, हे लपविण्याचे कारण नाही. दुसऱ्या बाजूने बेहरामजी मलबारी यांच्यासारखे सुधारक उभे राहिले आणि रखमाबाईंच्या खटल्यासाठी एक समिती झाली.

दादाजीने अपील केले. वरच्या न्यायाधीशांनी पहिला निकाल फिरविला आणि खटला पुन्हा चालविण्यास सांगितले. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की, रखमाबाईंनी एक महिन्याच्या आत नवऱ्याच्या घरी जावे, नाही तर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी कळविले की, मी तुरुंगात जाईन.

या तारखेजवळची आणखी एक तारीख ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेतून डॉक्टरी पास होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी यांनी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास देह ठेवला. तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. रखमाबाई त्यांच्याहून काही महिन्यांनीच मोठ्या. म्हणजे आपल्या मराठी मुलखातली एक डॉक्टरीण दवाखान्यात पाऊल ठेवण्याआधीच गेली, आणि जी डॉक्टरीण होऊ पाहत होती तिच्यापुढे आठ दिवसांत तुरुंगाचे दार उघडे करण्यात आले. त्या वर्षी बायकांच्या दुखण्याकडे पाहणारे आपले माणूस कोठून येणार, असा प्रश्न कोणालाही पडला असता.

सुदैवाने तुरुंगात जाण्याची पाळी आली नाही. प्रकरण लांबत गेले, आणि जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजीला दोन हजार रुपये देण्यात आले व त्याने आपला हक्क सोडला. इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. रखमाबाई कोर्टात जिंकल्या नाहीत. शेवटचा निकाल त्यांच्या विरुद्धच होता. त्या सुटल्या त्या पैसे देऊन. पण पुढचे सर्व आयुष्य त्यांनी ज्याच्या बळावर उभे केले, ते शिक्षण होते.

त्या शिक्षणाची वाट दाखविणारी बाई म्हणजे डॉ. एडिथ पेची. इंग्लंडच्या या बाईंची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. १८६९ साली एडिंबरोच्या विद्यापीठात सात मुली डॉक्टरी शिकण्यास गेल्या, त्यांत पेची होत्या. रसायनशास्त्राच्या परीक्षेत नव्या विद्यार्थ्यांमध्ये त्या पहिल्या आल्या, तरी त्या नंबराची शिष्यवृत्ती त्यांना स्त्री म्हणून दिली गेली नाही. पुढे विद्यापीठाने त्या सातही जणींना पदवी नाकारली. तेव्हा पेची स्वित्झर्लंडला गेल्या आणि १८७७ साली बर्न येथून डॉक्टर झाल्या. १८८३ साली त्या मुंबईस आल्या व बायका-मुलांसाठी निघालेल्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. ज्यांच्या तोंडावर दार आपटले गेले होते, त्यांनीच रखमाबाईंचा हात धरला. त्यांनी व इतरांनी मिळून पैसे जमविले, आणि १८८९ साली रखमाबाई विलायतेस निघाल्या. तेथे मॅक्लॅरेन नावाच्या पतिपत्नींनी त्यांना आपल्या घरी आधार दिला.

लंडनला फक्त बायकांसाठी एक वैद्यकीय शाळा १८७४ पासून होती. तिथे रखमाबाई शिकल्या. ज्या काळात त्या शिकत होत्या, तो वैद्यकशास्त्र पालटण्याचा काळ होता. पूर्वी बाळंतिणीला ताप येऊन ती दगावे, आणि लोक दैवाला बोल लावीत. व्हिएन्नाच्या डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७ साली दाखविले की, डॉक्टरांनी औषधी पाण्याने हात स्वच्छ धुतले तर हा ताप पुष्कळ कमी होतो. त्यांचे तेव्हा कोणी फारसे ऐकले नाही. पुढे १८६७ च्या सुमारास लिस्टर यांनी जखमा व हत्यारे कार्बोलिक ॲसिडने स्वच्छ ठेवण्याची रीत घालून दिली. १८८२ साली कॉक यांनी क्षयाचे जंतू शोधून काढले. रोग कशाने होतो हे आता दुर्बिणीखाली दिसू लागले होते. ही सारी नवी विद्या घेऊन रखमाबाई १८९४ साली डॉक्टरीची परीक्षा उतरल्या आणि मायदेशी परतल्या.

१८९५ पासून त्या सुरतेच्या बायकांच्या दवाखान्याच्या प्रमुख झाल्या. मोठी इस्पितळाची इमारत बांधली म्हणून बायका येतात असे नव्हे. घराबाहेर बाळंत होणे तेव्हा अपशकुनी समजत. अशी एक गोष्ट सांगितली जाते की, पहिल्यांदा कोणी बाई बाळंतपणाला येईना, तेव्हा रखमाबाईंनी एका गाभण शेळीला दवाखान्यात आणून तिचे बाळंतपण सुखरूप केले. ते पाहून हळूहळू बायकांची भीती गेली. शेळी जगली तर आपणही जगू, असे त्यांना वाटले असेल! पुढे प्लेगचे दिवस आले. १८९६ साली मुंबईत प्लेग सुरू झाला आणि तो गुजरातेतही पसरला. लोक गावे सोडून माळावर राहायला जात होते. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली. अशा दिवसांत रखमाबाई आपल्या कामावर राहिल्या.

सुरतेत वीसहून अधिक वर्षे काढल्यावर त्या राजकोटच्या बायकांच्या दवाखान्यात गेल्या आणि १९३० च्या सुमारास निवृत्त होऊन मुंबईस परत आल्या. सुमारे पस्तीस वर्षे त्यांनी सेवा केली. आज ज्या औषधाशिवाय दवाखाना चालत नाही, ते पेनिसिलिन १९२८ साली सापडले, आणि रोग्यांना ते मिळू लागले ते १९४० नंतर. म्हणजे रखमाबाईंनी हजारो बाळंतपणे केली असतील ती अशा औषधांवाचून, स्वच्छ हात, उकळलेले पाणी आणि सावध नजर यांच्या जोरावर. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. म्हातारपणीही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. पडदापद्धत बंद व्हावी म्हणून त्यांनी एक पुस्तिका लिहिली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाची नव्वद वर्षे पुरी करून त्यांनी जगाचा निरोप घेतला.

त्यांच्या खटल्याने लोकांना विचार करायला लावले. १८९१ साली जो संमतिवयाचा कायदा झाला, त्यामागे या खटल्यावरून झालेली चर्चाही होती. त्या कायद्याने ते वय किती वाढविले, तर दहाचे बारा! १९२९ साली सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा केले. पण तो इंग्रजी मुलखासाठी होता, आणि आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९७८ मध्ये ते वय अठरा झाले आणि २००६ साली बालविवाहाविरुद्ध अधिक कडक कायदा झाला. एवढ्या सगळ्याला किती पिढ्या लागल्या, हे पाहा. कायद्याची वाट पाहत बसल्या असत्या तर रखमाबाई डॉक्टरीण झाल्याच नसत्या.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी केली, तिच्यात बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या शंभर स्त्रियांमागे चाळीसहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झाल्याचे आढळले. कारणे आपल्याला ठाऊक आहेत. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या उसाला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. आईबाप सहा-सहा महिने कोपीत राहणार, मग वयात आलेली मुलगी गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची? लग्न करून दिले की काळजी मिटली, असे आईला वाटते. त्या आईला वाईट म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही. पण काळजी मिटत नाही, ती मुलीच्या अंगावर जाते. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्या, म्हणून २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या बायकांच्या वस्तीत विश्वासाने विचारावे अशी शिकलेली आपलीच एखादी नर्स किंवा डॉक्टरीण असती तर! रखमाबाईंचे काम अजून संपलेले नाही, ते असे.

कोणी म्हणेल, रखमाबाईंच्या नावे मिळकत होती, घरात डॉक्टर बाप होता, आमच्या मुलींना काय आहे? हे खरे आहे. पण रखमाबाईंना जे नव्हते ते आपल्या मुलींना आहे. त्यांना समुद्र ओलांडून जावे लागले. आपल्या मुलीला अंबाजोगाईला जाता येते. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉक्टर होण्यासाठी बारावी सायन्सनंतर नीटची परीक्षा द्यावी लागते. ती जमली नाही तर सगळे संपले असे नाही. एएनएमचा कोर्स दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा आहे. फार्मसी आहे, लॅब आहे, एक्स-रे आणि सोनोग्राफीचे शिक्षण आहे. रखमाबाई सुरतेस रुजू झाल्या त्या १८९५ सालीच एक्स-रेचा शोध लागला. आज ते यंत्र चालविणाऱ्या मुली आपण रोज पाहतो.

पैशाचेही सांगते. वर्षाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी फी व परीक्षा फी पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये घेतला. प्रवेश मात्र सरकारी प्रवेश-फेरीतून घ्यावा लागतो, आणि उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढावा लागतो. ऊसतोड मजुरांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना २०२१ साली मंजूर झाली. आईबाप उसाला गेले तरी मुलीला राहण्याची जागा मिळावी, हाच तिचा हेतू. आणि अठराच्या आतल्या मुलीचे लग्न ठरत असेल तर १०९८ या नंबरावर फोन करता येतो. फोन करणाराने आपले नाव सांगितलेच पाहिजे असे नाही.

तरीही कागद आपोआप हलत नाहीत. रखमाबाईंच्या मागे कोण कोण होते ते पुन्हा मोजा. सासरी पाठविण्याची घाई न करणारे सावत्र वडील, पुस्तके देणारे वाचनालय, दर आठवड्याला भेटणाऱ्या बायका, खटल्याचा खर्च जमविणारी समिती, वाट माहीत असलेली एक डॉक्टरीण आणि परक्या देशात जागा देणारे एक घर. यातले आपल्या मंडळाला काय काय करता येईल? माझ्या मते पुष्कळ. दाखले काढायला मुलीबरोबर तहसीलला जाणे, वसतिगृहाचा अर्ज भरून घेणे, परीक्षेच्या वेळी जिल्ह्याच्या ठिकाणी आपल्या नातेवाइकाकडे तिची सोय लावणे, आणि आईबाप उसाला असतील त्या महिन्यांत तिला आपल्या घरी ठेवून घेणे. एका घरात एक मुलगी जास्त झाली म्हणून भाकरी काही कमी पडत नाही.

सत्काराच्या दिवशी जी मुलगी बोलली नाही, तिला बारावी सायन्सला चांगले गुण आहेत. तिला अजून अठरा पूर्ण व्हावयाची आहेत. हा अंक तुमच्या हाती पडेपर्यंत प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झालेल्या असतील. तिच्या आईकडे जावयाचे मी ठरविले आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, मला अर्ज भरता येत नाही, पण बरोबर बसता येते. माझ्याबरोबर आणखी दोघी-तिघी आल्या तर त्या आईला धीर येईल. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी येत्या शनिवारी भजनानंतर थांबावे, एवढी विनंती करून मी लेखणी खाली ठेवते.

आपलीच,
मंडळातील एक भगिनी